पेटीत कोणी नसताना

"बाई, आतून सगळीकडे आरसे लावलेली एक पेटी आहे, आणि तिच्यात कोणीच डोकावत नाहीये. तर आत काय दिसतं?"

एवढं विचारून भिंगरी खाली बसायला विसरली. वर्ग खो-खो हसला. हसणारच होता, पैज त्यासाठीच तर लागली होती. मधल्या सुट्टीत नाचाच्या खोलीत समोरासमोरच्या दोन मोठ्या आरशांमध्ये तिघी मैत्रिणी उभ्या होत्या. जिराफ, चष्मिष आणि ही. जिराफ सगळ्यांत उंच म्हणून जिराफ. आरशात जिराफच्या मागे जिराफ, तिच्या मागे आणखी एक जिराफ, अशी जंगलभर जिराफं पाहून चष्मिष म्हणाली, "आपण खोलीबाहेर गेलो की ह्या सगळ्या काय करतात गं?" भिंगरी म्हणाली, "पेटी करून बघायला पाहिजे." जिराफ म्हणाली, "बघशील कशी? बघायला गेलीस की तू आलीसच आत." शेवटी जिराफने डाव टाकला. "विचार बाईंना. भर वर्गात विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन."

गेल्या वर्षी कोणी ही पैज लावलीच नसती. गेल्या वर्षी भिंगरी हजेरीला "हजर" म्हणायची तेही पहिल्या बाकापर्यंत पोचायचं नाही. घरी भिंगरी, शाळेत मात्र थांबलेला भोवरा. मग एकदा मैदानावर माईक बंद पडला, आणि समोरच उभी होती म्हणून मुलांना रांगेत लावायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तिने डोळे मिटून अशी काही हाक दिली की फाटकावरचा शिपाईसुद्धा रांगेत येऊन उभा राहिला. त्या दिवशी गळ्याचं बूच निघालं ते निघालंच.

विज्ञानाच्या बाईंनी खडू खाली ठेवला. "काय दिसतं म्हणजे, कोणाला दिसतं?"

"तेच तर ना, बाई. कोणालाच नाही."

वर्ग पुन्हा हसला. बाई हसल्या नाहीत. "अर्धं उत्तर मला येतं," त्या म्हणाल्या, "पण ते सांगितलं तर तुझा प्रश्न इथल्या इथे मरेल. शनिवार-रविवार प्रदर्शन आहे. एक टेबल रिकामं आहे, ते तुझं. एकच सांगते. गेल्या वर्षी एका मुलाचा ज्वालामुखी त्याच्या काकांनी इतका देखणा करून दिला होता की मुलाला तो पेटवताच येईना. दोन दिवस नुसता डोंगर म्हणून उभा होता. तुझं असेल तर वेडंवाकडं चालेल. तुझं नसेल तर आणू नकोस."

भिंगरी तरंगतच घरी आली. मागून जिराफ दोन दप्तरं घेऊन.

आता भिंगरीचं घर म्हणजे काय, हे सांगायला हवं. खाली बाबाचं काचेचं दुकान आणि कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, भिंतीला टेकवलेल्या काचा आणि आरसे, आणि बाबाच्या कानावर पेन्सिल असावी तशी काच कापायची हिरकणी. वर आईचं काम. आई कॉम्प्युटरवर अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करायची. खिडकी इथे घेतली तर संध्याकाळचं ऊन सोफ्यावर कसं पडेल, जिन्यात अंधार राहील का, हे सगळं ती विटेवर वीट चढायच्या आधीच दाखवायची. आणि चित्र म्हणजे असं की पाहुणे पडद्याजवळ जाऊन विचारायचे, "हा फोटो कुठे काढलात?"

खालचं आणि वरचं यांचं हाडवैर. अर्थात लाडाचं.

"तुझ्या आईच्या आरशावर कधी बोटाचा डाग नसतो," बाबा म्हणायचा. "घरात पोरं नसतात वाटतं त्या लोकांच्या."

"डाग हवा असेल तर घालते," आई म्हणायची. "तुझ्यासारखा फुकट नाही पाडत."

"मी विकतो ते निदान असतं तरी."

"असतं, आणि पुढच्या महिन्यात फुटलेलं असतं."

भिंगरीने जेवताना प्रश्न मांडला आणि दोघांचे घास हातातच राहिले.

"करून बघू," बाबा म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आणि इथे तर आरसेच आरसे."

"करून काय बघणार?" आई म्हणाली. "भोकाला डोळा लावलास की पेटीत तुझाच डोळा. मुलीचा प्रश्न काय, कोणी नसताना. हा कॉम्प्युटरचाच प्रश्न आहे. माझा कॅमेरा आत ठेवला तरी आरशात दिसत नाही. त्याला अंगच नसतं, डोकं नसतं."

"डोकं नसलेल्याची साक्ष काढायची?"

"डोकं असलेल्यांनी आजवर काय दिवे लावलेत?"

"मी करणार आहे," भिंगरी म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, ज्याचं त्याने करायचं."

"तूच कर, तूच कर," दोघं म्हणाले, आणि एकमेकांकडे पाहत पोळी मोडू लागले.

तर तिने केली. बुटांचं जुनं खोकं घेतलं. बाबाच्या भंगाराच्या डब्यातून आरशांचे तुकडे वेचले, जाड हातमोजे घालून, कारण डब्याला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही हा घरातला पहिला कायदा. तुकडे कुठे आखूड, कुठे लांब. कोपऱ्यांत फटी. एका बाजूला डोळ्यापुरतं भोक. आत छोटी बॅटरी पेटवून ठेवली, झाकण लावलं आणि डोळा टेकवला.

आणि ती "आई गं" एवढंच म्हणाली, तेही हळूच.

आत खोली होती. खोलीपलीकडे खोली, तिच्यापलीकडे आणखी. दिव्यांची एक रांग दूर जाता जाता डावीकडे वळत होती, जणू पलीकडे घाट लागला असावा. लांबचे दिवे हिरवट होत गेले होते, पाण्याखाली ठेवल्यासारखे. आणि प्रत्येक खोलीत, भिंतीतल्या भोकामागे, एक डोळा. तिने पापणी लववली, सगळ्यांनी लववली.

बाबा मागून आला. त्याने डोळा लावायच्या आधी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "हे काय गं? दुधाचे दात पडल्यासारख्या फटी." गुण्या आणून काटकोन तपासला. काटकोन कुठेच नव्हता. बाबाच्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली की बघवेना.

"राहू दे बाबा. माझी आहे."

"राहू दे तर राहू दे," तो म्हणाला. पण त्याचा हात खोक्यावरून निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून आली तर तिच्या टेबलावर खोकं नव्हतं.

"माझी पेटी कुठेय?"

"ती? मोडली," बाबा उत्साहाने म्हणाला. "तुकडे परत डब्यात टाकले. त्या फटींत कधीतरी बोट गेलं असतं तुझं. आता ही बघ. सकाळपासून गिऱ्हाईकसुद्धा घेतलं नाही."

घोंगडीवर एक पेटी होती. दृष्ट लागावी अशी. सहाही आरसे नव्या काचेचे, कडा घासून गुळगुळीत, सांधे असे की नखही शिरू नये. मागचा पारा अगदी नाण्याएवढा खरवडून डोकावायची जागा केलेली. आईलाही वरून हाक मारून बोलावलं. ती ओढणीला हात पुसत आली, आणि तिच्या चेहऱ्यावरही काहीतरी लपवल्याचं हसू होतं.

"आधी तू," बाबा भिंगरीला म्हणाला.

तिने एकदा भंगाराच्या डब्याकडे पाहिलं आणि डोळा लावला. "बाबा, काही दिसत नाही."

"नीट लाव."

"नीटच लावलाय. काळोख आहे."

बाबाने स्वतः डोळा लावला. मग दुसरा डोळा लावला. मग पेटी उचलून हलवली, जणू आतलं अनंत एका कोपऱ्यात जाऊन बसलं असावं.

आईला आधी कळलं. ती भिंतीला टेकून हसायला लागली. "अरे, उजेड कुठून येणार? सांधे इतके घट्ट केलेस. सगळी दारं बंद करून विचारतोयस, पाहुणे का नाही आले."

बत्तीस वर्षांत एकही सांधा सैल न सोडलेला माणूस तो. दिवा ठेवायची आठवण त्या नादात कुठल्या कुठे गेली होती. "नाचता येईना, अंगण वाकडं, तसं नाहीये हे," तो पुटपुटला. "इथे अंगण जरा जास्तच सरळ झालं."

"चला वर," आई म्हणाली. "आता बघा."

वर आईचा कॉम्प्युटर घरघरत होता. पंखा एवढ्या जोरात फिरत होता की टेबलावरचा कागद थरथरत होता. पडद्यावर पेटीचं अर्धवट चित्र, ठिपक्याठिपक्यांचं, आणि खाली कामाची पट्टी जिथे होती तिथेच.

"सकाळपासून चाललंय," आई म्हणाली. "होईल आता."

"तू आरसा कसला घेतलास?" बाबाने विचारलं.

"अगदी निर्दोष. पडेल तेवढा सगळा उजेड परत पाठवणारा. तुझ्या काचेसारखा गिळणारा नाही. आणि अनंतच दाखवायचंय, म्हणून उजेडाने भिंतींवरून किती उड्या मारून थांबायचं ती मर्यादाही काढून टाकली."

भिंगरी पडद्याकडे बघत होती. उजेडाची एक रेघ या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून तिसऱ्या, पुन्हा पहिल्या. "आई," ती म्हणाली, "मग तो थांबेल कशाला?"

आईने हललेलीच नसलेल्या कामाच्या पट्टीकडे पाहिलं. आता हसायची पाळी बाबाची होती आणि त्याने ती सोडली नाही. खुर्चीच धरून बसला. "अगं, बिचाऱ्याला बाहेर पडायला वाट नाही, दमून खाली बसायची सोय नाही. पुढच्या वर्षीचं प्रदर्शनसुद्धा येऊन जाईल."

"तू दार बंद करून उजेड बाहेर ठेवलास, मी आत कोंडला," आई म्हणाली. "एकाच माळेचे मणी आपण."

"आपण असं करू," बाबा पुढे सरकला. "मी वरच्या आरशात दुधी काचेची खिडकी करतो."

"हां, आणि तुझी काच नेमका किती उजेड खाते ते मोजून मला दे. मी तेवढंच खायला लावते."

"म्हणजे आपली दोन्ही एकसारखी दिसतील."

"तुझी एक बाजू कणभर तिरकी झाली असेल तर तीही दे."

"माझी बाजू तिरकी?"

"मोजून बघ तर."

आणि दोघं पडद्यासमोर डोक्याला डोकं लावून बसले. भिंगरी त्यांच्या मागे उभी होती. आपण, आपली, आपल्याला. या शब्दांत तिला कुठे जागा दिसेना. तिला रडू आलं, आणि त्याच वेळी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. दिवसभर एक खाली, एक वर, मध्ये जिना. एकाच कामावर दोघांची डोकी एकत्र वाकलेली तिने कधी पाहिली नव्हती. बाबाने कानावरची हिरकणी काढून आईच्या केसांत खोचली होती आणि आईला पत्ताच नव्हता.

त्यामुळे रागावताही येईना. तिने डोळे पुसले आणि खाली गेली.

खाली दुकानात कोणी नव्हतं. तिने हातमोजे घातले आणि डब्यातून आपले तुकडे पुन्हा शोधले. ते तिला ओळखू आले, आखूड-लांब, कालच्या डिंकासकट. पण नुसती पेटी पुन्हा करून भागणार नव्हतं. जिराफचं म्हणणं तसंच उभं होतं: बघायला गेलीस की तू आलीसच. आईच्या कॅमेऱ्याला अंग नव्हतं हे खरं, पण त्याला जे दिसणार ते आईने आधी आत घातलेलंच दिसणार. बाबाची पेटी खरी, पण तिच्यात बघणाऱ्याचा डोळा ठरलेला.

ती गल्ल्यावर कोपर टेकून बसली. गल्ल्यावर बाबाचा हिशेबाचा जुना कॅल्क्युलेटर पडलेला, अधिकचं बटण अडकणारा, ज्याला सेल लागत नाही, वरच्या काळ्या पट्टीवर उजेड पडला की चालतो. त्यावर कसलेतरी आकडे तसेच राहिले होते. तिचा हात सहज पट्टीवर गेला. आकडे फिके झाले. हात काढला, आकडे परत आले.

भिंगरीने पुन्हा हात ठेवला. पुन्हा काढला. मग दुकानभर स्वतःभोवती गरकन फिरली, नावाला जागून.

त्याला डोळे नव्हते. तो काही बघत नव्हता. पण उजेड आहे की नाही, ते त्याला कळत होतं.

तिने कोपऱ्यात पडलेलं रिकामं खोकं उचललं, तुकडे पुन्हा आत चिकटवले आणि एका बाजूला फट पाडली. यंत्राचं डोकं, म्हणजे ती काळी पट्टी, आत सरकवली, आकडे बाहेर. बॅटरी आत ठेवली, तीही पट्टीकडे पाठ करून, पलीकडच्या कोपऱ्याकडे तोंड करून. झाकण लावलं. डोकावायचं भोक काळ्या कागदाने बंद केलं. आता पेटीत बघायला कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

बाहेर आकडे ठळक उभे होते. उजेड पट्टीवर सरळ पडत नव्हता, तरी भिंतीभिंतींवरून वाट काढत पोचत होता.

मग तिने आतल्या आरशांवर काळं कापड घातलं. तीच बॅटरी, तेच झाकण. आकडे मावळले. कापड काढलं, उगवले. तिने हे इतक्या वेळा केलं की शेवटी अधिकचं बटणसुद्धा सुटं झालं.

जिराफ आणि चष्मिष दुसऱ्या दिवशी बघायला आल्या. "म्हणजे दिसतं काय?" जिराफने विचारलं.

"दिसत काहीच नाही," भिंगरी म्हणाली. "पण असतं."

चष्मिषने चष्मा पुसला. "आणि भोकातून आपण बघतो ते?"

"ते बाहेर सांडलेलं. आपण डोळा लावतो तेव्हा त्यातला थोडा उजेड आपण पितो. हे यंत्रसुद्धा पितंच आहे थोडा. पण आत फिरणारं सगळं काही आपल्यासाठी फिरत नसतं."

"दप्तर आणखी आठवडाभर वाहते," जिराफ म्हणाली. तिच्याकडून याहून मोठी पदवी कोणाला मिळालेली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी आईबाबांनी तिला वर बोलावलं. बाबाच्या पेटीला दुधी काचेची खिडकी आली होती, आणि तिच्याशेजारी आईचं चित्र पुरं होऊन पडद्यावर होतं. भिंगरीने पेटीला डोळा लावला. खोल्यांमागे खोल्या, सरळ, शांत, दूर हिरव्या होत गेलेल्या, प्रत्येकीत तिचा डोळा. मग चित्र पाहिलं. त्याच खोल्या, तोच हिरवा, त्याच जागी तेच कणभर तिरकं वळण. डोळा मात्र कुठेच नाही. सुंदर होतं. दोन्ही सुंदर होतं, आणि तिने तसं मनापासून सांगितलं.

"बाबांची बाजू तिरकी निघाली," आई म्हणाली.

"कणभर," बाबा म्हणाला. "ते काचेच्या मनात होतं." मग त्याची नजर जिन्याशी ठेवलेल्या बुटांच्या खोक्यावर गेली. फटींवर, डिंकावर, बाहेर डोकावणाऱ्या त्याच्याच जुन्या यंत्रावर. तो वाकला. त्याचा हात पुढे झाला, आणि हवेतच थांबला.

"एक कड तरी घासून देऊ का?" त्याने विचारलं. "कोणाच्या हाताला लागेल गं."

"जाड चिकटपट्टी दे, बाबा. मी लावते."

त्याने पट्टी दिली. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि कडांवर पट्टी लावू लागली, वेडीवाकडी. बाबाने दोनदा श्वास ओढून घेतला, दोनदा आईने त्याच्या पायावर पाय दिला. आईची स्वतःची बोटंही काही कमी वळवळत नव्हती. तिने ती ओढणीत गुंडाळून ठेवली होती.

शेवटची कड झाकून भिंगरी उभी राहिली. मैदानावर हाक देताना उभी राहिली होती तशी, पण या वेळी डोळे उघडे ठेवून.

"ऐका दोघं. तुमची पेटी आणि तुमचं चित्र इथेच राहणार, जिन्यात, मधोमध, म्हणजे वरच्याला आणि खालच्याला दोघांना जवळ पडेल. टेबलावर उद्या माझी जाणार. आणि उद्या तुम्ही यायचं नाही. मी काय बोलते ते तुम्ही दोघं समोर नसताना मला बोलून बघायचंय. रविवारी या. रांगेत उभे राहा, पाळी आली की बघा, काही कळलं नाही तर सगळ्यांसारखा हात वर करून विचारा. मी सांगेन."